आवळीखालची सारवलेली जमीन

वनभोजनाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. सुना एकमेकींकडे बघून हसतात, "सासूबाईंचं आणि आवळ्याचं वाकडं आहे" म्हणतात. हसा बायांनो, हसा.

कल्याणला आमच्या घरामागे, ठाकुर्लीच्या वाटेला लागलं की एक ओढा होता. त्याच्या काठावर आमच्या आईनं लावलेली आवळी. आई गेली आणि पाठोपाठ माझी थोरली बहीण, आक्का, कपाळ पांढरं होऊन माहेरी आली. हातात बांगडी नाही, डोक्यावर केस नाहीत, घरातल्या कुठल्याही शुभकार्यात पुढे यायचं नाही. आवळीखाली मात्र तिला कुणी हटकत नसे. धुणं वाळत घालून ती तिथे टेकायची. ओल्या मातीत वेखंड माजलेलं असायचं, हरळी इतकी मऊ की मी तिथेच लोळायची. "आईजवळ बसून येते गं," म्हणूनच ती घरातून निघायची.

कार्तिकात आवळीची पूजा करून तिच्याखाली जेवायची रीत. आधी आम्ही घरचीच माणसं असायचो. पुढे आमच्या वडिलांच्या, तात्यांच्या ओळखी वाढल्या आणि मुंबईची मंडळी आगगाडीनं येऊ लागली. तात्यांना पाहुणचाराची हौस दांडगी! पाहुण्यांच्या पीतांबरांना चिखल लागायला नको म्हणून वेखंड उपटलं, हरळी खरवडली, धुमसानं जमीन चोपून काढली आणि अंगणासारखी सारवली. दरवर्षी हेच. भाताच्या चुली मुळांलगत, मुलांचे झोके फांद्यांना. आक्का घरी राबायची. पंगतीत तिला जागा कुठली?

एका पावसाळ्यात तिनं पाहिलं, त्या जमिनीत पाणी मुरतच नव्हतं, नुसतं वाहून जात होतं. मुळं उघडी पडली, पानं पिवळी झाली. तात्यांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी दाराआडून म्हणाली, "तात्या, यंदा जमीन चोपू नका हो. आवळी जायची."

"अगं, पूजा केल्यानं झाड जातं होय? काहीतरीच तुझं!" तात्या हसले. चांगल्या मनानं हसले, त्याचाच मला आजही संताप येतो.

त्या कार्तिकातही जमीन चोपली. पुढच्या श्रावणात ओढ्याला लोंढा आला. वेखंड नाही, गवत नाही, काठ धरून ठेवणार कोण? सारवलेल्या जमिनीसकट काठ ढासळला आणि आवळी आडवी झाली. आक्का भिजत उभी होती. ती रडली नाही, मीच भोकाड पसरलं.

तात्यांनाही वाईट वाटलं. आवळीचं लाकूड टाकलं की पाणी गोड होतं, म्हणून त्यांनी खोडाचे ओंडके आमच्या विहिरीत सोडले. कार्तिकात मंडळी दुसऱ्या कुणाच्या आवळीखाली जेवून आली. आमच्या विहिरीचं पाणी मात्र खरंच गोड झालं, आल्यागेल्यानं वाखाणलं. आक्का ते रोज शेंदायची, सगळ्यांना द्यायची. स्वतः ओढ्याचं प्यायची, ते कधी तोंडाला लावलं नाही.

एकदा न राहवून मी म्हटलं, "आक्का, घोटभर तरी पी गं."

"आईला कशी पिऊ गं?" म्हणाली, आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.