मामा पिंपात पडतो तो सिनेमा

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, हसाच! माझी अब्रू तशीही माटुंग्यात जाऊन बसली आहे.

आमच्या केतकीने लग्न ठरवलं. मुलगा निखिल, माटुंग्याचा. आईवडील दोघेही निवृत्त प्राध्यापक. बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं, आपणच ओरडतोय. आणि मी? डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली! आमच्याकडे शेजारणीला हाक मारली की चौथ्या मजल्यावरची वाकून बघायची.

ती मंडळी पहिल्यांदा आमच्या परळच्या घरी येणार, म्हणून केतकीने मला दम भरला, "आई, कमी बोल. प्लीज!"

बोललेच नाही हो! पोहे झाले, चहा झाला, सगळे गप्प. पंख्याचा आवाज ऐकत बसलो. शेवटी निखिलची आई म्हणाली, "तुम्हाला सिनेमाची आवड आहे का?"

संपलं! माझ्या लहानपणी चाळीत भाड्याने व्हीसीआर आणून एक कौटुंबिक विनोदी सिनेमा लावला होता. चाळीस वर्षं मी त्याचे किस्से सांगतेय. नाव सांगितलं तर निखिलचे बाबा हसून म्हणाले, "अरे, हा मी थिएटरात पाहिलाय."

"मग लावूच या! मला अख्खा पाठ आहे," मी म्हणाले. केतकीने डोळे मिटून घेतले.

सिनेमा सुरू झाला आणि माझी कॉमेंट्रीसुद्धा. "आता बघा हं, मामा गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपात पडतो. असा घट्ट अडकतो की चार माणसं पिंप आडवं करून त्याला ओढतात!"

पडद्यावर एक बंगला. बाग. बागेत झोपाळा.

निखिलची आई हळूच म्हणाली, "हा तर बंगला आहे."

"चाळ पुढे येते."

अर्धा तास गेला. चाळ येईना. बरं, मी गप्प बसावं की नाही? "मध्यंतरानंतर येते बहुतेक. त्यात एक बाप मिलमध्ये आजारपणाची खोटी रजा टाकतो. तेवढ्यात मुकादम दारात! बाप खाटेखाली लपतो आणि शिंकतो. मुकादम विचारतो, कोण रे? तर हा खालून म्हणतो, म्याऊ!"

निखिलचे बाबा विचारात पडले. "मला नाही हो आठवत मिल वगैरे."

"तुम्हाला डुलकी लागली असेल!"

माझ्या नवऱ्याला जोराचा ठसका लागला. केतकीने टेबलाखालून मला लाथ मारली, ती निखिलला लागली.

सिनेमा संपला. मामा नाही, पिंप नाही, म्याऊ नाही. मी उठून उभीच राहिले. "कापलंय! हल्ली मोबाइलवाले, टीव्हीवाले सगळं कापतात. चांगले चांगले सीन काढून टाकलेत मेल्यांनी!"

"असेल हो," निखिलची आई समजूत घालत म्हणाली.

ते 'असेल हो' मला झोंबलं. म्हटलं, साक्षीदारच आणते. लावला फोन दादाला. माझा मोठा भाऊ अजून त्याच चाळीत राहतो. फोन केला स्पीकरवर.

"दादा, तो आपल्याकडे व्हीसीआरवर लावलेला पिच्चर आठवतो ना? त्यात मामा पिंपात पडतो की नाही? सांग यांना!"

"पिच्चरात खंयचो मामा गो?" दादा गरजला. "तो आपलो बाळामामा!"

मी फोन उचलायला धावले. घाईत हातातून निसटून सोफ्याखाली गेला. दादा सोफ्याखालून सुरूच.

"खिडकीतनं टीव्ही दिसेना म्हणून पिंपावर चढला आणि झाकणासकट आत गेला! अर्धी चाळ पिच्चर सोडून त्याला काढायला धावली!"

"आणि ते म्याऊ?" हे कोणी विचारलं माहितीये? निखिलच्या बाबांनी! सोफ्याकडे वाकून!

"ते आमचे बाबा! मुकादम पण पिच्चर बघायला आलेला ना! पण आपण कोण बोलताय?"

"मी निखिलचा बाबा."

"नमस्कार, नमस्कार! अहो, तिचं काय ऐकता? तिने पिच्चर बघितलाच नाही. पहिल्याच सीनला भोकाड पसरलं. टीव्हीतली माणसं आता आपल्याकडेच जेवायला थांबणार, आपले वडे संपवणार म्हणून! आईने उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. टीव्ही दाराआड, ही दाराकडे तोंड करून बसलेली, वडा खात. माणसं काय ती बघितली, टीव्ही नाय!"

विचार करा, चाळीस वर्षं मी ज्या सिनेमाची तारीफ करत होते, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. आणि खरं सांगू? बराच कंटाळवाणा होता.

लग्न मोडलं, असंच मला वाटलं. केतकीचा चेहरा पांढराफटक. निखिलची आई पदर तोंडाला लावून बसलेली. मला वाटलं, रडते आहे. तर बाई हसत होती! अगदी गदागदा, आवाज न करता. या लोकांचं हसणंही हळूच!

डोळे पुसून तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "लग्नात व्हिडिओवाला मात्र चांगला बघा हं. तुमच्याकडची सगळी मंडळी येणार ना?"