चुलीच्या खुलाशाची फाइल

भुताखेतांच्या बातम्या मी कधी छापल्या नाहीत. अमक्या विहिरीतून आवाज येतो, तमक्या झाडाला घाम फुटतो... असं पत्र आठवड्याला एखादं तरी यायचं आणि मी ते टोपलीत टाकायचो. त्यामुळे या सदरात माझं पत्र बघून जुने सहकारी हसतील. हसू द्या. जे झालं ते मी क्रमाने लिहितो. अर्थ लावायचा प्रयत्न बरीच वर्षं केला, आता कंटाळलो आहे.

काळ १९९३ चा हिवाळा. ठिकाण परभणी, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापड दुकानाच्या वरची खोली. तिथून आमचं साप्ताहिक निघायचं. मी उपसंपादक. मालक आणि संपादक एकच, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी त्या वर्षी शिशाच्या खिळ्यांची जुळणी बंद करून एक जुना कॉम्प्युटर घेतला होता — टू-एट-सिक्स, चाळीस एमबीची हार्ड डिस्क, डॉस आणि मराठी टाइप करायचं एक पॅकेज. तो चालवायला नसीमबाई होत्या. वय पस्तीसच्या आसपास. आधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायच्या, त्यामुळे आम्हालाही त्या विद्यार्थीच समजत.

डिस्क लहान, म्हणून आमची एक पद्धत ठरलेली होती. गुरुवारी दुपारी पानं छापखान्यात गेली की नसीमबाई जपायचा मजकूर फ्लॉपीवर घेत, फ्लॉपीत काय काय आहे ते वहीत हाताने लिहून ठेवत, आणि मग डिस्कवरचा आठवड्याचा सगळा मजकूर एका कमांडने पुसून टाकत.

त्या महिन्यांत दर गुरुवारी सेलूहून किसन नावाचा माणूस यायचा. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा, पन्नाशीचा, बोलायला हळू. गाव देवगाव फाट्यापासून आत. गावाचं नाव मी देत नाही. त्याचं काम एकच होतं. आमच्या साप्ताहिकात १९७८ साली आलेली एक बातमी चुकीची होती, तिचा खुलासा त्याला छापून हवा होता.

बातमी मीच दिलेली. तेव्हा मी सेलूचा वार्ताहर होतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरचे ते दिवस... वस्त्या पेटत होत्या, एसटी बंद होत्या. किसनच्या गावात त्यांचं घर जळालं. मी गावात गेलो नाही. पोलीस ठाण्यातून मिळालेल्या टिपणावरून बातमी केली — सोनाबाई नावाच्या स्त्रीने चूल न विझवता ठेवल्याने ठिणगी उडून घर जळाले, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज असून नक्की कारण समजू शकले नाही. जागा कमी होती, दोन ओळी जास्त होत होत्या. मी शेवटच्या दोन काढल्या. ‘घर जळाले’ इथे पूर्णविराम दिला. अंदाज गेला, बातमी राहिली.

सोनाबाई ही किसनची आई.

पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला खालच्या हॉटेलात चहाला नेलं. वर सगळ्यांसमोर हा विषय नको होता.

“साहेब, आमी त्या दिशी गावात नव्हतोच,” तो म्हणाला. “दोन दिस आधीच माय न् आमी सगळे सेलूला मावशीकडं आल्तो. भेव वाटायलं व्हतं म्हणून. चूल दोन दिवस थंड होती.”

मावशीचं घर कुठे, ते मी विचारलं. मी तेव्हा राहत होतो तिथून पायी दहा मिनिटांवर.

“मग एवढ्या वर्षांनी कशाला?” मी म्हणालो. हे मी खरंच विचारलं.

“गाव काय म्हणतंय त्याचं मला काई न्हाई. पर मायच आता म्हनायली, पेपरात हाय म्हणजी असंल बाबा, राहिली असंल माझ्याकून पेटती. तिलाच खातरी राहिली न्हाई. सैपाक झाला की चुलीवर तांब्याभर पानी वतती. रोज. मातीची चूल ती, किती दिस टिकंल? माझी बायको दर महिन्याला नवी घालायली.” तो थोडा हसला. “बायको म्हनती, त्या पेपरवाल्याला बलवा चूल घालायला.”

आईला दम्याचा त्रास होता आणि तो वाढत चालला होता. जिवंतपणी तिला ते वाचून दाखवायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

मी वर येऊन नसीमबाईंना तीन वाक्यं सांगितली. बातमी आली होती. त्या वेळी घरात कोणी नव्हते असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. अनवधानाने त्रुटी राहिली असल्यास दिलगीर आहोत. ‘असल्यास’ माझा. थंड चुलीचं वाक्य मी सांगितलं नाही, ते अण्णांना खटकलं असतं. नसीमबाईंनी प्रिंट काढून दिला. तीन वाक्यं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

अण्णांना तीन वाक्यंही खटकली.

“पंधरा वर्षं झाली. आता कशाला उकरायलाव?” ते म्हणाले. नामांतराचा विषय तेव्हा पुन्हा तापला होता, आज इथे बंद, उद्या तिथे मोर्चा असं चाललं होतं. “एक काडी पडली तर आपलं दुकान ऱ्हाईल का? काढा ते मशीनमधून. चुकून पानात गेलं तर कोन निस्तरायचं?”

मी वाद घातला नाही. नसीमबाईंना फाइल पुसायला सांगितली.

फाइल पुसली गेली नाही. डिलीटची कमांड दिली की ‘अॅक्सेस डिनाइड’ असा मेसेज. हे काही नवल नव्हतं. फाइलला फक्त वाचण्यापुरतं कुलूप लागलेलं असलं की असं होतं. नसीमबाईंनी ते कुलूप काढायची कमांड दिली. कुलूप नव्हतंच. नाव बदलून पाहिलं, बदललं नाही. दुसऱ्या डिरेक्टरीत हलवून पाहिली, हलली नाही. फ्लॉपीवर कॉपी केली तर फ्लॉपीवर नाव आलं, आकार शून्य. एखादा प्रोग्राम फाइल धरून बसला असेल म्हणून मशीन बंद करून फ्लॉपीवरून चालू केलं. तोच मेसेज. डिस्क तपासली, दोष नाही. गुरुवारी सगळा मजकूर पुसायची कमांड दिली की बाकी सगळं जायचं आणि ही एकटी स्क्रीनवर उरायची.

“असली पोर माझ्या क्लासमधी एक होती,” नसीमबाई म्हणाल्या. “घंटी झाली तरी उठायची न्हाई.”

अण्णांनी नांदेडहून इंजिनिअर बोलावला. त्याने दोन तास खटपट केली. “भूतबाधा नाही साहेब, डिस्कचा तेवढा भाग खराब झालेला असतोय,” असं म्हणून त्याने सरळ हार्ड डिस्क फॉरमॅट केली. म्हणजे डिस्क पूर्ण कोरी. मग डॉस आणि मराठी पॅकेज पुन्हा टाकलं आणि नसीमबाईंच्या फ्लॉप्यांवरून आमचा मजकूर परत आणला. हे सगळं भर दुपारी, चार माणसांसमोर. मी शेजारी उभा होतो.

शेवटी यादी काढली. खुलाशाची फाइल यादीत होती.

इंजिनिअर म्हणाला, फ्लॉपीतून आली असणार. शक्य आहे. फक्त, ज्या एका फ्लॉपीवर ती कधी गेली होती तिथे आकार शून्य होता आणि ती फ्लॉपी आम्ही त्या दिवशी वापरलीच नव्हती. वहीतल्या नोंदी मी दोनदा ताडून पाहिल्या. त्याने मजुरी घेतली, चहा घेतला आणि पाचच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर मी नसीमबाईंना फाइल उघडायला सांगितली. का, ते सांगता येणार नाही. बहुधा सवय.

चार वाक्यं होती. पहिली तीन माझी, शब्दाला शब्द. चौथं — चूल दोन दिवस थंड होती.

“हे तुम्ही घातलं?”

“मी कशाला घालू?” नसीमबाईंना राग आला. “तुमी सांगितलं तेवढंच मारलं. कुनाची चूल, काय चूल, मला तर काईच माहीत न्हाई.”

मी ड्रॉवरमधला जुना प्रिंट काढून शेजारी धरला. त्यावर तीनच. किसनने ते वाक्य मला हॉटेलात सांगितलं होतं. नसीमबाईंशी तो कधी बोललेला नव्हता; जिन्याच्या वर तो आलाच नाही कधी, खालून निरोप पाठवायचा. पुढच्या गुरुवारी मी त्यालाही आडून विचारलं. त्याला कॉम्प्युटर म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. आणि त्या दिवशी तो खुलाशासाठी आलाच नव्हता.

“मायला दवाखान्यातून घरी आनली,” तो म्हणाला. “डाक्टर म्हनला, काय खाऊ वाटंल ते खाऊ घाला. आता मी काई येनार न्हाई, साहेब. तुमाला लय तरास दिला.”

नमस्कार करून तो निघून गेला. इतक्या गुरुवारांत त्याने मला एकही शब्द टोचून म्हटलेला नव्हता. निदान तेवढं तरी करायला हवं होतं त्याने.

मी वर आलो. तिसऱ्या पानावर बाजारभावांच्या खाली जागा काढली. फाइल आहे तशी पानात घेतली, चारही वाक्यांसकट. फक्त ‘असल्यास’ राहू द्यावा का, यावर थोडा वेळ गेला. फाइलमध्ये बदल होत नव्हताच, म्हणून पानात घेतल्यावर ‘राहिली असल्यास’चं ‘राहिल्याबद्दल’ केलं आणि खाली एक ओळ जोडली — सदर बातमी प्रस्तुत उपसंपादकाने घटनास्थळी न जाता दिली होती. अण्णांना विचारलं नाही. पान गेलं.

शुक्रवारी सकाळी अंक घेऊन एसटीने देवगाव फाट्याला उतरलो. तिथून चालत. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, ऊन बरं वाटत होतं. ज्या गावाची बातमी दिली त्या गावात पाय ठेवायला मला पंधरा वर्षं लागली. रस्ता तासाभराचा निघाला.

सोनाबाई बाजेवर भिंतीला टेकून बसलेली होती. श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. किसनने अंक घेतला, पण त्याला वाचता येत नव्हतं. मग मीच वाचला. मी वाचून थांबलो तर ती म्हणाली, “फिरून वाच.” पुन्हा वाचला. चौथ्या वाक्याला तिने मान हलवली.

“थंडच व्हती,” ती किसनला म्हणाली. “मी म्हनलं न्हवतं का तुला? राख सुदीक गार व्हती.”

“म्हनली व्हतीस, माय,” किसन म्हणाला.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. “पयलं कोनी लिव्हलं व्हतं, बाबा?”

“मी.”

ती सुनेला म्हणाली, “च्या ठिव.”

चूल नुकतीच घातलेली होती, माती अजून कडेला ओली. चहा झाला, आम्ही प्यालो. सुनेने लाकडं मागे ओढली, सवयीने तांब्या भरला आणि सासूपुढे धरला. सोनाबाईने तो घेतला, दोन घोट पाणी प्याली आणि खाली ठेवला. सून चुलीकडे बघत राहिली. निखारे आपोआप विझले.

मी उठलो तेव्हा म्हातारीने विचारलं, “मंग ते पयलं गेलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “ते जुन्या अंकांत बांधून ठेवलेलं असतं. काढता येत नाही.”

“मंग हे बी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

महिनाभरात ती गेल्याचं किसनने पोस्टकार्ड टाकून कळवलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं.

वाचकांची अपेक्षा असेल की खुलासा छापल्यावर फाइल आपोआप नाहीशी झाली. मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या गुरुवारी नसीमबाईंनी नेहमीची कमांड दिली. सगळं गेलं, ती राहिली.

“नांदेडला फोन लावू का?” त्यांनी विचारलं.

“नको. राहू द्या.”

अण्णांनी अंक शुक्रवारीच पाहिला होता. तिसरं पान वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि “पुढच्या बारीला इचारत जा” एवढंच म्हणाले. दंगा झाला नाही. त्या खुलाशावर एकही पत्र आलं नाही. पुढे ते मशीन विकलं गेलं, विकत घेणाऱ्याने त्या फाइलचं काय केलं ते मी विचारलं नाही.

नंतर कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या पुष्कळ लोकांना मी हे सांगितलं. प्रत्येकाकडे एक कारण असतं आणि फाइल का पुसली जात नव्हती इथपर्यंत ते पटतंही. चौथ्या वाक्याशी आलं की ते घड्याळ बघतात. पाच शब्दांची ओळ. ती नसीमबाईंनी टाइप केली नाही, मी केली नाही, आणि माझ्याशिवाय हे वाक्य माहीत असलेलं कोणी त्या खोलीत कधी आलं नाही. कोणी लिहिली, मला माहीत नाही.

१९७८ साली दोन ओळी कोणी काढल्या, ते मात्र माहीत आहे.