शिकवणारा ठेवला नाही

व्यायाम मी एकट्याने शिकलो, असं आयुष्यभर सांगत आलो. ते खोटं आहे. ऐंशीच्या घरात आल्यावर ते ओढत राहण्याची ताकद उरलेली नाही.

गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षी माझी कंबर धरली, म्हणून मी लालबागच्या एका व्यायामशाळेत जाऊ लागलो. तिथे संपावर गेलेला एक विणकर सकाळपासून बसलेला असे. मागावरचा तुटलेला धागा लांबून हेरणारी त्याची नजर माझ्यावर पडली.

"साहेब, बैठका मारताय की खुर्ची शोधताय?" मागून येऊन त्याने माझ्या कमरेवर दोन बोटं टेकवली. "एकट्याला आपली पाठ दिसत नाय. मी घरी येऊन शिकवतो. गिरणी बंद हाय, तेवढाच घराला आधार."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

मग दोन महिने तो रोज माझ्या मागे उभा राहिला. मी श्वास सोडायला विसरलो की टाळी वाजवी. अधूनमधून हळूच विचारी, "ठरलं काय साहेब?" मी "बघू" म्हणे. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही.

कंबर बरी झाल्यावर मी म्हणालो, "आता मला एकट्याला जमतंय."

त्याने मला एक बैठक मारायला लावली, नीट पाहिली आणि मान हलवली. "खरंच जमतंय. आता माझी गरज नाय."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

शिकवणारा ठेवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्याला तेवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो माझ्यामागे उभा राहण्याऐवजी दुसरीकडे काम शोधायला गेला असता.