वरच्या खाचेतली वायर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांच्या फोटोसमोर बसून रोज काय काय बडबडते मी, पण हे तिथेसुद्धा तोंडातून निघालं नाही. आता तुमच्यापाशी बोलायला बसले, तरी — बघा ना, दुसरंच काहीतरी सांगत बसलेय.

मैथिली माझी नात. मुलाची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी तिने गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर स्वतः जोडला, आमच्या गंगापूर रोडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. मी समोर गवार मोडत बसलेली. पोरगी श्वास धरून एकेक भाग बसवतेय! मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं बघून बघून. शिलाई मशीन खोलून परत बसवणारी बाई आहे मी. पण हे काही वेगळंच होतं — नखाएवढ्या खाचा, केसासारख्या तारा. तिने बटण दाबलं आणि आतले पंखे असे उजळले, की माझे हात आपोआप जोडले गेले.

"आजी, देव नाहीये तो!"

"तुला काय माहीत," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं झाडून सगळं अवजार पुजतात — विळी, मशीन, माझ्या मुलाची, शिरीषची गाडी. मग हाच कसा राहील? गेम तिने रात्री नेटवरून उतरवून ठेवला होता, अजून एकदाही चालवला नव्हता. मैथिली आंघोळीला गेलेली. झेंडूची माळ नीट सगळीकडून यावी म्हणून मी कॉम्प्युटरचा तो डबा पुढे ओढला — आणि मागची स्क्रीनची वायर निसटून खाली लोंबायला लागली. आता? वर अगदी तशीच एक खाच दिसली. घातली, बसली. डबा मागे सारला, कुंकू लावलं.

तिने गेम सुरू केला, तर चित्र धापा टाकत चाललेलं. सेकंदाला साठ चित्रं यायला हवीत, म्हणाली, येतायत बारा-तेरा. मला तेवढं लगेच समजलं. टाके लांब लांब पडले की शिवण दात काढते, तसंच ना?

"पूजेच्या वेळी हलवलास का गं हा?" तिने सहज विचारलं.

"छे! लांबूनच फुलं वाहिली मी."

का म्हणाले मी असं? कोण रागावणार होतं मला? कळत नाही त्या वस्तूला हात लावू नये, हे या घरात सगळ्यांना ऐकवत आलेली मीच. आणि माझा शब्द म्हणजे तिला पुरे. मागची बाजू तिने पाहिलीच नाही.

मग सुरू झाली तिची शोधाशोध. काय सांगू तुम्हाला! आतली पट्टी काढून दुसऱ्या खाचेत घालून बघ, पंख्याखालचा लेप पुसून नवा लाव, सगळं पुसून पहिल्यापासून भर. जे जे केलं ते वहीत लिहायची आणि एकेक खोडायची. चिडचिड नाही, आदळआपट नाही. एवढा धीर माझ्या घराण्यात आला कुठून, म्हणून मी बघतच राहायची.

पाचव्या दिवशी तिने मला आत दाखवलं. हे खालचं जाड कार्ड आहे ना आजी, सगळी ताकद याच्यात. चित्र इथूनच बाहेर पडतं.

खालून. मी तर वायर वर घातली होती.

कळलं मला. त्या क्षणी कळलं. आणि मी — मी "हो का?" म्हटलं आणि कुकर बघायला गेले.

रविवारी शिरीषचा मित्र देवळालीहून आला. त्याला मुलीसाठी असाच एक जोडून हवा होता. मैथिलीचं ते पहिलं काम ठरलं असतं. कॉलेजनंतर हेच करायचं, असं तिचं केव्हाचं मनात. त्याने तो रखडणारा खेळ पाहिला, चहा संपवला, "बघू, कळवतो" म्हणाला. तो गेल्यावर शिरीष तिला बोलला, "दुकानातून तयार आणला असता, तर ही शोभा झाली असती का? म्हणे मी जोडते!" ती मान खाली घालून ऐकत होती. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता. तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी?

अकराव्या दिवशी ती टेबलामागे शिरली, एकेका तारेचा बोटाने माग काढत गेली, आणि सापडलं तिला. वायर खाली लावली. आणि मग — अहो, डोंगर, त्यावरून उतरणारं धुकं, गवताचं पातं न् पातं वाऱ्याने लवतंय! माझ्या नातीने हाताने जोडलेल्या डब्यात एवढं सगळं मावलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिच्याही आलं. पण ती म्हणाली, "मीच चुकीच्या जागी लावली गं. किती बावळट आहे मी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं गं असं.

आता ती लोकांना जोडून देते. हात असे चालतात, की बघणारा थक्क होतो. पण द्यायच्या आधी ती प्रत्येक डबा पुन्हा उघडते, एकेक वायर उपसून परत घालते. दोनदा, तीनदा. परवा मी म्हटलं, अगं, झालंय की सगळं नीट. तर हसली आणि म्हणाली, "माझा काही भरवसा नाही, आजी."

तिला हे बोलायला मी शिकवलं.