सायकलवरची एरियल

ती घटना आठवली की आजही माझ्या कानात टिकटिक सुरू होते. एकोणीसशे तीसच्या दशकातले सोलापूर. मी नवा फौजदार होतो आणि बिनतारी यंत्राचे नुसते नाव काढले तरी वरिष्ठांची झोप उडत असे.

एका सकाळी खबऱ्या आला. "सायेब, गिरणीतला वायरमन रोज सांजंला सायकलीला बांबू बांधून माळावर जातो. बांबू उभा करतो न् कान झाकून बसतो. लई येळ."

त्याच संध्याकाळी, तो सामान सोडत असतानाच आम्ही त्याला धरले. तीन बांबू पितळी नळ्यांनी एकात एक बसत होते. त्यांच्यावर तांब्याची तार सुताने बोटाबोटावर बांधलेली, ही त्याची एरियल. विणकराच्या घरचा हात लपत नव्हता. शिवाय घरी बनवलेले यंत्र, त्याचे कानांना लावायचे कर्णे आणि पिशवीत तारांचे भेंडोळे. हवालदाराने पंचनाम्यात 'कपडे वाळत घालण्याच्या तारा' असे लिहून ते कोपऱ्यात टाकले.

परवाना नव्हता. दोन दिवस दरडावले, चुचकारले, पठ्ठ्या एवढेच म्हणे, "हौस हाय सायेब." शेवटी मीच त्याला सांगितले, "यंत्र चालले तर तुरुंग, आणि नोकरीही गेली. नाही चालले तर खेळणे म्हणून सोडून देईन." घरी बायको आणि म्हातारी आई होती. त्याने मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी तारमास्तरांना बोलावले. ठाण्याच्या अंगणात बांबू उभा केला. नुसती खरखर. मास्तर हसले, "फौजदारसाहेब, हिच्यापेक्षा चिंचा पाडायची काठी बरी."

मी 'निरुपयोगी' असे लिहायला घेतले. तेवढ्यात आरोपी उठला.

"तसं लिवू नका, सायेब. खालच्या तारा कुटं हायत? त्या जमिनीवर पसरल्याबिगर ती कशी चालंल?"

"खाली बस," मी म्हणालो. "गप्प राहिलास तर आज घरी जेवशील."

तो बसला नाही. ते भेंडोळे मागून घेऊन त्याने बांबूभोवती तारा पसरल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. यंत्राला जोडल्या आणि कर्णे माझ्या कानांवर ठेवले. दिवस मावळत होता. खरखर हळूहळू विरली आणि कुठूनतरी टिकटिक येऊ लागली. कुणीतरी कुणाला तरी साद घालत होते, थांबत होते, पुन्हा घालत होते. तिच्या मागे एक बाई अनोळखी भाषेत गात होती. अंगण, ठाणे, अंगावरची वर्दी, सगळे दूर गेले. मला फार सुख वाटले, खोटे कशाला बोलू?

मग मी कर्णे काढले आणि 'चालू स्थितीत' असे लिहिले.

त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली, नोकरी गेली. कोर्टाबाहेर बेड्यांतल्या हातांनी त्याने मला थांबवले. "सायेब, लांबचं आलतं की न्हाय ऐकू?" भोवती माणसे होती. मी तोंड फिरवले.

माणूस मार सोसतो, पण हातच्या कामाची टिंगल त्याला सोसवत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे याच युक्तीने कितीतरी कबुलीजबाब काढले, शाबासक्याही मिळवल्या. त्याला मात्र एकच शब्द हवा होता आणि तो मी दिला नाही, याची लाज वाटते. तो आता असेल-नसेल, तरी लिहून ठेवतो: होय, ऐकू आले होते. फार लांबचे.