चिऊच्या खेळण्याची शिकवणी

मी लातुरात पंचवीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळं माझ्या शिकवण्यानं कुणी नापास होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी धाकटी पोरगी वर्षा मानव विकास विषय घेऊन पदवीधर झाली, आणि वर बालनिरीक्षणाचं सर्टिफिकेट करत होती. नांदेडच्या एका बालवाडीनं तिला सांगितलं होतं, सर्टिफिकेट आणा आणि रुजू व्हा. उरलं होतं फक्त प्रॅक्टिकल. परीक्षक बाई घरी येणार, एक मूल अर्धा तास मनासारखं खेळणार आणि वर्षानं लांब बसून ते टिपायचं. मूल म्हणजे माझ्या मुलाची लेक चिऊ, वय साडेतीन.

"आप्पा, तिला काही शिकवू नका," वर्षानं बजावलं.

मी "हाव, न्हाई शिकवत" म्हणलो. (लातुरात परीक्षा हाय आणि तयारी न्हाई, हे माझ्या जिवाला कसं सोसावं?) वर्षा बाहेर गेली की मी चिऊचा क्लास घ्यायचो. आधी लाल ठोकळे, मग निळे, मग बाहुलीला घास, मध्ये एकदा हसायचं, शेवटी पसारा आवरायचा. चुकलं की पहिल्यापासून. बरोबर आलं की एक खारीक.

बाई आल्या. चिऊ खेळण्यांसमोर बसली ती हाताची घडी, तोंडावर बोट. माझा क्लास तसाच सुरू व्हायचा ना! पाच मिनिटं गेली, दहा गेली. वर्षाचा कागद कोरा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पडद्याआडून हळूच ठोकळ्यांकडं बोट दाखवलं.

चिऊनं खणखणीत विचारलं, "आबा, आधी लाल का आधी हसू?"

बाईंनी पडदा सरकवला. मी तिथं, मुठीत खारका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वर्षाला म्हणाल्या, "मूल राहू द्या. उरलेल्या वेळात यांचं निरीक्षण लिहा."

वर्षानं तीन पानं भरली, एकदाही अडली नाही. पास झाली, महिन्याभरात नांदेडला रुजूही झाली. तिची फाईल घरीच राहिली होती, ती मी गुपचूप उघडली. शेवटी चार वाक्यांत सार होतं. 'वय एकसष्ट. नको म्हटलेलं आधी करतो. पकडला गेला तरी खाऊ सोडत नाही. समज वाढायला अजून वाव आहे.'

मी लाल पेन काढला आणि चारही वाक्यांपुढं बरोबरची खूण केली.