मिनीबसभर कोरियन आणि मी

आमच्या कार्डिफच्या मराठी ग्रुपमध्ये कोणाकडेही जेवायला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "केतकी, तो स्कीइंगचा किस्सा सांग ना!" आता किस्सा एक असेल तर सांगू ना! चार दिवसांत इतकं काही घडलं, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो, आणि दुसरा सुरू केला की पहिल्याचा शेवट राहून जातो. तोवर भात गार झालेला असतो. म्हणून म्हटलं, एकदा ओळीने सांगूनच टाकावं.

तर, मिनहो आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आणि मी फार्मसीत. तीन वर्षं आमचं जमलेलं होतं. माझ्या नागपूरच्या घरी रडारड, अबोला, मावशीची मध्यस्थी आणि मग होकार, असं सगळं रीतसर पार पडलं होतं. घोडं अडलं होतं मिनहोच्या आईपाशी. मुलगी परदेशी, मुलापेक्षा वर्षभराने मोठी, आणि वर मासे-मटण खात नाही! त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आधी बघते."

आणि बघायला बाई कोरियाहून थेट कार्डिफला! मिनहोच्या कोरियन मित्रमंडळींची स्कॉटलंडची स्की ट्रिप नेमकी त्याच आठवड्यात ठरलेली. "मग आईंनाही घेऊन चला की!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. झालं! माझा कांदेपोह्यांचा कार्यक्रम बर्फात, नऊ प्रेक्षकांसमोर!

* * *

सकाळी मिनीबससमोर उभी राहिले तर आत आधीच तीन राइस कुकर, दोन गॅसच्या शेगड्या आणि नूडल्सची खोकी. बॅगा मांडीवर घ्यायच्या होत्या. कोरियन मंडळी दहा आणि मी. एरवी ब्रिटनमध्ये आम्ही सगळेच परदेशी, पण त्या मिनीबसमध्ये परदेशी मी एकटीच!

गाडी चालवायला जिहून होता. हा मिनहोचा शाळेपासूनचा मित्र, तोंडाने फटकळ आणि कायम भुकेला. ओळख होताच त्याने पहिला प्रश्न टाकला, "तुझं जन्मवर्ष कोणतं?"

मला असा राग आला! म्हटलं, बाईमाणसाला हा काय प्रश्न झाला? तेवढ्यात मागच्या सीटवरून हाना हसत म्हणाली, "चिडू नकोस गं, वय कळल्याशिवाय आम्हाला हाकच मारता येत नाही." हाना माझी हाउसमेट, आणि त्या ट्रिपमध्ये माझी दुभाषी. मी वर्ष सांगितलं. ताबडतोब सगळी पोरं मला 'नूना' म्हणायला लागली आणि मुली 'ऑन्नी'. दोन्हीचा अर्थ ताई.

म्हटलं, एवढंच ना! आमच्याकडे तर रिक्षावाल्यालाही दादा म्हणतात.

पण पुढच्या सीटवर बसलेल्या ओमोनींनी, म्हणजे मिनहोच्या आईंनी, ते वर्ष ऐकलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग मिनहोकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "हं."

त्या 'हं'वर मी थेट स्कॉटलंडपर्यंत विचार करत बसले.

* * *

कॉटेजच्या जाहिरातीत लिहिलं होतं, अकरा जण झोपू शकतात. झोपू शकतात हे खरं, उठल्यावर काय करायचं ते लिहिलं नव्हतं. बाथरूम एकच!

पहिल्या सकाळी मी आपली टॉवेल घेऊन रांगेत शेवटी उभी राहिले. तर पोरांनी मला ढकलत ढकलत पुढे नेलं. रांग वयाने लागते म्हणे! सगळ्यांत आधी ओमोनी, मग मी. माझ्यामागे जिहून आणि मिनहो, आणि शेपटाला सगळ्यांत लहान हाना. गरम पाणी चौथ्यालाच संपलं.

आतून हानाच्या किंकाळ्या येत होत्या आणि मी शेगडीपाशी केस वाळवत चहा पीत होते. मोठं असण्याचा एवढा फायदा मला माझ्या सख्ख्या भावंडांतसुद्धा कधी झाला नव्हता!

या वयाच्या नियमाचा तोटा कळला रात्री. जेवायला बसलो, समोर वाफाळता भात. मी दिवसभराची भुकेलेली. चमचा उचलला आणि घास तोंडात. टेबलाखालून मिनहोने अशी लाथ घातली, की ठसकाच लागला. वर बघते तर सगळे चमचे टेबलावर, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. सगळ्यांत मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी जेवायचं नसतं!

ओमोनी पुन्हा "हं" म्हणाल्या.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी नंतर मिनहोला धारेवर धरलं.

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला कसं माहीत असणार? मी काय तुझी आत्या आहे?"

* * *

आता डोंगर. कित्येक दिवस बर्फ पडलाच नव्हता, आणि आम्ही गेलो तेव्हा नेमका धो धो पडला. त्यामुळे अख्खं ब्रिटन तिथे लोटलेलं! तिकिटाला रांग, बुटांना रांग, चहाला रांग. आणि ही ब्रिटिश मंडळी रांगेत इतकी खूश, जणू रांगेत उभं राहायलाच आली होती.

आमची कोरियन मंडळी तर बघत राहावी अशी! पांढरी जॅकेट, गुलाबी गॉगल, एकेक जण मॅगझिनच्या कव्हरवरून उतरलेला. आणि मी? हेल्मेटच्या आत आईने नागपूरहून पाठवलेली माकडटोपी. चॉकलेटी रंगाची.

तोवर मला मिनहोने एक गोष्ट सांगितलीच नव्हती. ओमोनींनी उभं आयुष्य एका स्की स्लोपच्या पायथ्याशी दुकान चालवलं होतं. एवढंसं शरीर, साठी उलटलेली. पण दोन काठ्या हातात आल्या आणि बाई वरून अशा सुळकन आल्या, की आजूबाजूचे लोक थांबून बघायला लागले.

मीही बघत राहिले, आणि त्या नादात माझ्या स्की निघाल्या. थांबवायच्या कशा हे कोणाला येत होतं? "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" मी चक्क मराठीत ओरडत होते. समोर एक ब्रिटिश आजोबा. धाडकन आदळले.

आजोबा म्हणाले, "सॉरी!"

आदळले मी, सॉरी ते! मग मीही सॉरी म्हटलं. तेवढ्यात ओमोनी येऊन थांबल्या आणि माझ्या वतीने माफी मागायला कमरेतून पार वाकल्या. आजोबाही सज्जन, तेही वाकले. मग मी एकटीच ताठ कशी राहू? मीही वाकले.

बर्फावर स्की घालून असं वाकायचं नसतं. तोल पुढे जातो आणि माणूस निघतो. आम्ही तिघं एकदमच निघालो. खाली चहाच्या रांगेत पोहोचलो तेव्हासुद्धा आजोबांचं "सॉरी, सॉरी" चालूच होतं!

* * *

त्यानंतर मला शिकवायचं काम ओमोनींनी स्वतःकडे घेतलं. मिनहोला हाताने हाकलून दिलं. त्यांना इंग्लिशचे तीनच शब्द येत होते: 'नो', 'अगेन' आणि 'ओके'. मला कोरियन त्याहून कमी.

वर जायला टी-बार होता. एक आडवा दांडा असतो, दोघींनी उभ्यानेच त्याला मागून टेकायचं आणि तो आपल्याला वर ओढत नेतो. टेकायचं, बसायचं नाही! मी बसले. दोघी आडव्या.

"अगेन."

पुन्हा बसले, पुन्हा दोघी आडव्या. मागे ही भली मोठी रांग, सगळे सहनशीलपणे आकाशाकडे बघतायत. मी रडकुंडीला आलेली. म्हटलं, संपलं, आता या बाई मिनहोला सांगणार, ही मुलगी उभीसुद्धा राहू शकत नाही.

"अगेन," ओमोनी म्हणाल्या आणि माझ्या कमरेत हात घालून मला गच्च धरलं.

या वेळी पोहोचलो! अहो, काय तो वारा आणि काय ते डोंगर! सगळीकडे पांढरं आणि मध्येच निळं तळं. मी आनंदाने किंचाळले. ओमोनींनी माझी वर सरकलेली माकडटोपी नीट कानांवर ओढली, खिशातून गरम होणारी पुडी काढून माझ्या ग्लोव्हमध्ये कोंबली आणि म्हणाल्या, "ओके."

खाली येऊन मी मिनहोला सांगितलं, "तुझी आई मला ओके म्हणाली!"

त्याचा चेहरा पडला. "मी आठ वर्षांचा होईपर्यंत मला म्हणाली नव्हती!"

मी हवेतच होते. पण हाना म्हणाली, "फार उडू नकोस. ते स्कीइंगला म्हणाल्यात, लग्नाला नाही."

* * *

आणि आता शेवटची संध्याकाळ. त्या दिवशी सकाळीच आईचा मेसेज आला होता, "आज संकष्टी आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतंच. मी काही फार देवभोळी नाही. पण मिनहोच्या आईने 'आधी बघते' म्हटल्यापासून माझ्या आईने मला संकष्ट्या धरायला लावल्या होत्या. "होकार येईपर्यंत सोडायच्या नाहीत!" आणि खरं सांगते, मीही मनापासून धरत होते. मिनहो हवा होता मला, आणि तो त्याच्या आईला दुखवून हवा नव्हता.

तर दिवसभर खजूर आणि चहावर मी बर्फात पडत-उठत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. उगाच तमाशा नको. म्हटलं, रात्री चंद्रोदय झाला की गुपचूप सोडेन.

पण संध्याकाळी कॉटेजवर आलो, तर ओमोनींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतलेला. कोणाला आत येऊ देईनात. आणि मग टेबलावर ताटल्या यायला लागल्या. भाज्यांच्या गुंडाळ्या, तिळाच्या तेलातला पालक, मशरूम, काचेसारख्या नूडल्स. सगळं शाकाहारी! शेवटी किमचीचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कोबीच्या आंबवलेल्या लोणच्याचा डबा आला, तो त्यांनी स्वतः माझ्यासमोर ठेवला.

हानाने वास घेतला आणि माझा हात धरला. "ऑन्नी, ही किमची बिनमाशांची आहे. आणि चांगली आंबलेली आहे. म्हणजे त्यांनी ही तिकडे, घरीच घातली होती. तुला बघायच्या आधी."

ओमोनींनी चमचा उचलला, पण स्वतः खाल्लं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. मी आधी चव घ्यावी म्हणून! बाहेर बर्फ पडतोय, चंद्राचा पत्ता नाही, आणि दहा जणांच्या नजरा माझ्या चमच्यावर.

"मी... थोड्या वेळाने खाते," मी म्हटलं.

हानाने सांगितलं. ओमोनींचा चेहरा उतरला. "पोट बिघडलंय?"

"नाही."

"मग मी केलेलं हिला चालत नाही?"

मिनहो टेबलाखालून पुन्हा लाथ मारायला लागला आणि माझा ताबा सुटला. "लाथ काय मारतोस? हाना, सांग त्यांना! आज माझा उपास आहे. चंद्र दिसल्याशिवाय मी खात नाही. आणि हा उपास मी त्यांच्यासाठीच धरलाय. त्यांनी मला हो म्हणावं म्हणून! त्या हो म्हणेपर्यंत दर महिन्याला धरणार आहे!"

बोलले आणि वाटलं, भुई दुभंगावी. हाना माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूहळू, एकेक वाक्य सांगितलं.

ओमोनींनी सगळं ऐकून घेतलं. हातातला चमचा टेबलावर ठेवला.

"अरे देवा," जिहून कळवळला. आता कोणालाच जेवता येणार नव्हतं!

मी घाईघाईने म्हटलं, "अहो नाही, तुम्ही जेवा! आणि ढग असले तर नुसती चंद्रोदयाची वेळ बघून सोडलेला चालतो. माझी आईसुद्धा तसंच करते."

ओमोनी म्हणाल्या, "नो."

झालं! जॅकेटं चढवली, सगळी वरात बाहेर. भाताचे कुकर आत, आणि आम्ही अकरा जण कुडकुडत आभाळाकडे तोंड करून उभे. जिहून मोबाइलवर ढगांचा नकाशा बघत होता. "डावीकडे फट आहे! डावीकडे सरका!" मग सगळे डावीकडे. पोरी हात जोडून उभ्या. शेजारच्या कॉटेजमधलं एक जोडपं बाहेर आलं आणि काही न विचारता तेही आमच्यामागे उभं राहिलं. रांग दिसली ना!

ओमोनी माझ्या शेजारी होत्या. माझी टोपी त्यांनी दोनदा कानांवर ओढली.

बर्फ थांबला. ढग जरासा हलला आणि डोंगरामागून तो वर आला, एका बाजूने थोडासा झिजलेला. अशी आरोळी उठली, की डोंगरातली कुत्री भुंकायला लागली! जिहून तर माझ्या नावाने नाचत होता. मी हात जोडले. डोळे उघडले तर शेजारी ओमोनींचेही हात जोडलेले.

मग जे पळालो आत! ओमोनींनी चमचा उचलला, पण भाताला लावला नाही. चॉपस्टिक्सने त्या डब्यातलं एक पान उचललं, त्याची घडी घातली आणि माझ्या भातावर ठेवलं. म्हटलं, कांदा-लसणाचं काय ते बाप्पा बघून घेईल. खाल्लं. तिखट, आंबट, थंडगार. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते नुसतं तिखटाचं नव्हतं.

ओमोनींनी दुसरं पान ठेवलं आणि कोरियनमध्ये एक छोटंसं वाक्य म्हणाल्या.

मिनहोने मान खाली घातली. हानाचं तोंड उघडं ते उघडंच.

"काय म्हणाल्या? हाना, सांग ना! काय म्हणाल्या?"

हानाने डोळे पुसले. "म्हणतायत, पुढच्या महिन्यात वेळेवर जेव."